उठावाची पट्टी

"हे बोंड माह्यं नाही," कडूबा म्हणाला, आणि पंगतीत दुसऱ्याचं ताट चुकून आपल्यापुढे आलं की सरकवून द्यावं, तसा त्याने फोटो काउंटरच्या काचेवरून आसिमकडे सरकवला. आसिमला आधी हसूच आलं. हा मी नव्हेच, असं म्हणत फोटो परत आणणारी माणसं त्याने बावीस वर्षांत पुष्कळ पाहिली होती. नवरदेवाची एखादी आत्या तर दर सीझनला येतेच, आणि तिच्या मते तिचं नाक फोटोवाल्याने खुन्नस काढून मोठं केलेलं असतं. पण कापसाचं बोंड ओळखू येत नाही म्हणून सकाळी दहाला घाट चढून बुलढाण्यात हजर झालेला माणूस हा पहिलाच. "काका, बोंडासारखं बोंड, त्यात ओळखायचं काय?" असं तो बोलून गेला आणि बोलल्याबरोबर त्याने जीभ चावली. कारण कडूबाने फोटो पुन्हा आपल्याकडे ओढला, त्यावर बोट ठेवलं आणि आवाज न चढवता विचारलं, "मेळ्यात तुह्यं लेकरू हरपलं, अन् कोणी दुसरंच आणून देलं, तं तू ओळखशीन का नाही?"

कडूबा घाटाखालचा, मोताळ्याकडच्या एका खेड्यातला. त्याच्या लग्नाचे फोटो आसिमच्या अब्बांनी काढलेले, म्हणजे दुकानाशी नातं तीस-बत्तीस वर्षांचं. पासपोर्ट साइजचा फोटोही तो गावाजवळ काढत नसे. गनीभाऊच, म्हणजे आसिमचे अब्बाच, पाहिजेत, असा त्याचा हट्ट. त्या साली कापसावर गुलाबी अळी आली होती. बीटी बियाणं आल्यापासून बोंडअळी हे नाव लोक आजोबांच्या गोष्टीतलं समजायला लागले होते, आणि तीच अळी पुन्हा, गुलाबी होऊन, नेमकी बोंडाच्या पोटात बसलेली सापडली. गावोगाव माणसं बोंडं फोडून एकमेकांना दाखवत होती. नुकसानभरपाईचे अर्ज भरायचे होते, अर्जाला फोटो जोडायचे होते, आणि दुकानात लग्नाच्या फोटोंपेक्षा बोंडांचे फोटो जास्त छापले जात होते. कडूबाच्या शेतात आसिम स्वतः मोटारसायकलने गेला होता. एक अख्खं बोंड आणि एक फोडलेलं, दोन्ही कडूबाने तळहातावर धरली होती, आणि तो फोटो आसिमने तिथेच काढला होता. त्यानंतर कडूबाने कापसाची पऱ्हाटी उपटून टाकली, शेत नांगरलं, हरभरा पेरला. आता शेतात दाखवायला काही नव्हतं. होता तो हा फोटो. आणि कचेरीतल्या माणसाने तो पाहून म्हटलं होतं की ही अळी नाही, ही बुरशी दिसते, शिवाय फोटो काढलेला नाही, बनवलेला आहे. बरोबर फोटो आज पाचच्या आत आणा.

"तो माणूस खोटं नाही बोलला," कडूबा म्हणाला. "हे पाय. हे अख्खं बोंड. हे बाहेरून टकाटक होतं. हिरवंगार. म्हणून तं माणूस फसते. अळी आत जाते अन् भोक बुजून जाते, वरून काहीच समजत नाही. मी पऱ्हाटी दिवाळीपरेंत राखत बसलो ते त्याच्यापायी. अन् तुम्ही तं त्याले बाहेरूनच सडवून ठेवलं. काळे डाग काय, खड्डे काय. अन् हा हात कोणाचा हाये? एवढा काळा तं मी मेल्यावरही नाही होणार."

आसिमने फोटो खिडकीच्या उजेडात धरला. कडूबा म्हणत होता ते अक्षर न् अक्षर खरं होतं. बोंडाच्या हिरव्या सालीवरची नाजूक सावली कोळशाने गिरवल्यासारखी झाली होती, तळहाताच्या रेषा भेगा झाल्या होत्या, आणि हाताच्या कडेने, आभाळ लागतं तिथे, एक पांढरी किनार उमटली होती. ही किनार म्हणजे या धंद्यात चोरी पकडली गेल्याची खूण. नवशिकाही तिला लाजतो. आणि ती त्याच्या हातून गेली होती. गेली नव्हती, त्याने ती पाहिली होती, त्याला ती टोचलीही होती, आणि तरीही त्याने ती जाऊ दिली होती, कारण अब्बा म्हणाले होते, "फिका आहे बे. अजून उठाव दे."

कडूबाला बाकावर बसवून, चहा सांगून, तो आतल्या खोलीत कॉम्प्युटरपुढे जाऊन बसला. उठाव हा अब्बांचा शब्द, आणि अब्बांना तो त्यांच्या उस्तादाकडून, दयाराम फोटोग्राफरकडून मिळालेला. त्यामुळेच त्यांच्या घरात एक गंमत होती, जी बाहेरच्याला कळायची नाही. दुकानामागच्या पडद्यापलीकडे, घरात, सगळी बोली उर्दूची. पण अब्बा धंदा शिकले दयारामच्या हाताखाली, दयारामच्या वऱ्हाडीत, म्हणून फोटोबद्दलचा एकही शब्द त्यांच्या तोंडून दुसऱ्या भाषेत निघत नसे. पुढे आसिम शिकला तेव्हा तोही वऱ्हाडीतच शिकला. एकाच ताटात जेवताना बापलेक उर्दूत बोलत, आणि मध्येच फोटोचा विषय निघाला की दोघांची जीभ आपोआप वळे. अम्मी मग म्हणे, आले, दयारामचे दोन चेले आले. घरात तो मुलगा होता, खाली मान घालून ऐकणारा. वऱ्हाडीत मात्र तो कारागीर होता; तिथे वाद घालता येत असे, अब्बांना चूक म्हणता येत असे, आणि अब्बा रागावत नसत, उलट भुवया उडवून म्हणत, हाव का बे?

लहानपणी लाल दिव्याच्या खोलीत स्टुलावर बसून त्याने अब्बांचे हात पाहिले होते. वरून उजेडाचा झोत कागदावर पडायचा, आणि सायकलच्या तारेला पुठ्ठ्याची चकती लावलेली असायची, ती अब्बा त्या झोतात धरायचे. कुठे थोडा वेळ, कुठे जास्त, आणि चकती सारखी हलती, भाकरी परतताना बाईचा हात हलतो तशी. ज्या जागेवर सावली पडेल ती जागा उजळ निघणार, जिथे जास्त वेळ झोत पडेल ती गडद. "पूर्ण फोटोले एकच हुकूम नाही देता येत," अब्बा सांगत. "गालाले गालाचा उजेड, पदराले पदराचा. प्रत्येक जागा आपल्या शेजाऱ्याहून थोडी येगळी दिसली पाहिजे, बस. मंग चेहरा कागदातून वर येते." मग तसराळ्यातल्या औषधाच्या पाण्यात कागद हलवला की पांढऱ्यातून एखादी म्हातारी वर यायची, अंगठ्याएवढं कुंकू, नाकाच्या बाजूची घडी, आणि आसिमला वाटायचं की अब्बांनीच तिला जन्माला घातलं. त्या औषधाचा वास त्याला आजही आठवतो. तसं प्रेम त्याने पुढे कशावरच केलं नाही, कबूल करायला लाज वाटते, पण बायकोवरही नाही, मुलींवरही नाही. म्हणजे त्यांच्यावर केलं, पण ते वेगळं.

कॉम्प्युटर आला तेव्हा अब्बांना वाटलं, संपलं आता. आसिमनेच त्यांना कॉम्प्युटरच्या पडद्यावरची, माऊसने सरकवायची ती पट्टी दाखवली. कॉन्ट्रास्टची पट्टी वेगळी, ती अख्ख्या फोटोतलं काळं अजून काळं करते आणि पांढरं अजून पांढरं, कोणाचा मुलाहिजा न ठेवता. ही दुसरी मात्र शहाणी. ती प्रत्येक ठिपका त्याच्या आजूबाजूच्यांशी ताडून पाहते आणि फक्त शेजाऱ्याशेजाऱ्यांतला फरक वाढवते. अब्बा खुर्ची ओढून बसले, त्यांनी स्वतः माऊस धरला, पट्टी इकडून तिकडे सरकवली, आणि केवढ्यांदा तरी हसले. "हे तं शेजाऱ्यापाजाऱ्यात भांडन लावून राह्यलं बे," ते म्हणाले. "पण थोडंसंच लावजो. जास्त लावलं तं मोहल्ला जळते." त्या दिवसापासून पट्टीचं नाव उठावाची पट्टी पडलं. वीसवर ठेवायची, फार तर पंचवीस. म्हातारा चेहरा असला तर थोडी वर, बाईचा असला तर खाली, बाळाला तर हात नाही लावायचा. हे सगळे नियम अब्बांचे. आणि सगळ्यांत मोठा नियम हा, की छापलेला कुठलाही फोटो अब्बांच्या नजरेखालून गेल्याशिवाय दुकानाबाहेर जायचा नाही. दारापाशी खुर्ची, खुर्चीत अब्बा, हातात फोटो. "ठीक आहे" म्हणाले की पाकिटात.

किती दिवसांत त्यांनी ठीक आहे म्हटलं नाही? आसिम आठवू लागला आणि त्याला आठवेना. आधी महिन्यातून एखादा फोटो परत यायचा, मग आठवड्यातून, मग रोज, मग सगळेच. फिका आहे. अजून दे. बेजान दिसते. बसला आहे चेहरा, उठत नाही. मध्यंतरी कडूबाच कापसाच्या बियाण्याचं एक रिकामं पाकीट काही दाखवायला घेऊन आला होता, त्यावर पांढऱ्या शुभ्र फुटलेल्या बोंडांचं चित्र, मागे गर्द निळं, इतकं भडक की डोळे दिपावेत. अब्बांनी ते कितीतरी वेळ हातात धरलं होतं आणि म्हणाले होते, "याले म्हणतात उठाव. शिक काही." आसिमला ते शब्द चपलेतल्या खड्यासारखे दिवसभर टोचले होते. तो चाळिशीचा माणूस, दोन मुलींचा बाप, आणि एका बियाण्याच्या पाकिटाने त्याला नापास केलं होतं. रात्री जेवताना मेहनूरने, त्याच्या बायकोने, विचारलंही होतं की चेहरा का पडलाय. काय बोलणार, की मला माझं काम येत नाही म्हणून?

कॉम्प्युटरची एक खोड चांगली असते, आपण एखाद्या फोटोला कुठली पट्टी किती सरकवली ते तो विसरत नाही. कडूबाची फाइल उघडली, तर पट्टी ब्याऐंशीवर. ब्याऐंशी. आसिमने ते दोनदा वाचलं. मग काही शोधायचं असं ठरवून नव्हे, नुसता हात गेला म्हणून, त्याने दिवाळीनंतरचं एक लग्न उघडलं. अडुसष्ट. उन्हाळ्यातलं लग्न. सत्तावन्न. त्याच्या मागचा हिवाळा, एका शाळेचा ग्रुप फोटो, चाळीस. त्याच्या मागचा उन्हाळा, एकतीस. मागे मागे जात तो चोवीसवर येऊन पोचला, आणि त्या चोवीसच्या फोटोत एक नवरी हसत होती, गालावर मऊ ऊन, नथीच्या मोत्याची इवलीशी सावली ओठावर. केवढा सुंदर फोटो. मग तो तिथून पुढे यायला लागला. प्रत्येक महिन्याच्या नवऱ्या मागच्या महिन्यापेक्षा थकलेल्या, गालांवर राख, डोळ्यांखाली खड्डे, दागिन्यांच्या कडेला ती पांढरी किनार. जणू जिल्ह्यातल्या सगळ्या मुली अडीच वर्षांत म्हाताऱ्या होत गेल्या होत्या. त्या नाही झाल्या. ते दारातल्या खुर्चीत बसलेले दोन डोळे होते, आणि त्यांच्यावर महिन्यामहिन्याने किती पडदा चढला याची नोंद, कुठल्या डॉक्टरनेही ठेवली नसती इतकी चोख, त्याच्या स्वतःच्या हातून इथे होऊन बसली होती.

त्याला जे पहिल्यांदा वाटलं ते चांगलं नव्हतं. त्याला आनंद झाला. छातीवरचं मणाचं ओझं कोणीतरी उचललं तसा, खराखुरा आनंद, की म्हणजे मी वाईट नव्हतो, माझा हात गेला नव्हता, चोवीसच बरोबर होतं. आणि दुसऱ्याच क्षणी त्या आनंदाची त्याला इतकी शरम वाटली की त्याने पडद्यावरची नवरी बंद करून टाकली. बाप आंधळा होतोय आणि पोरगा पास झाला म्हणून खूष. मग भीती आली, ती सावकाश आली आणि ठाण मांडून बसली. हे अब्बांना सांगायचं कसं? नजर म्हणजे या माणसाचं सगळं. पोटापुरतं शिक्षण, एक डोळा आणि दोन हात, एवढ्यावर त्यांनी घर उभं केलं. त्यातले हात आधीच कापायला लागले होते, म्हणून कॅमेरा सुटला. नजरही नाही म्हटलं, तर दारातल्या खुर्चीत बसून ते करणार काय? आणि न सांगावं, तर कडूबाचा फोटो पाचच्या आत जायला हवा, बरोबर फोटो, आणि बरोबर फोटो अब्बा दारातून बाहेर जाऊ देणार नाहीत, कारण त्यांना तो फिका दिसणार.

पडदा सारून तो स्वयंपाकघरात गेला. अम्मी, हुस्नबानो, भाजी निवडत बसली होती. डोक्यावर ओढणी पोपटी, अशी पोपटी की मिरची लाजावी, आणि तिला राणी रंगाचा काठ. आयुष्यभर ही बाई राखाडी आणि बदामी याशिवाय काही नेसली-ओढली नव्हती. गेल्या वर्षभरात मात्र तिला भडक रंगांचं वेड लागलं होतं. घरात त्यावरून किती चेष्टा झालेली. मेहनूर म्हणायची, अम्मी परत नवरी होणार आहेत. अम्मी नुसती हसायची. आसिम दारात उभा राहून त्या ओढणीकडे बघत राहिला, आणि त्याला ते एकदम समजलं.

"अम्मी, ये ओढनी," तो म्हणाला, "अब्बा के लिए है ना?"

तिने मेथीची काडी मोडली. "राखाडी में मैं उनको दिखती नहीं," ती म्हणाली. "दो बार टकराए मेरे से. तो मैं ये ले आई." मग थोडं थांबून, "ऐसे मत देख. उन्होंने मेरे को नहीं बोला, मैंने उनको नहीं बोला."

म्हणजे वर्षभर हे चाललं होतं. तो आत पट्टी चढवत होता आणि इकडे त्याची सत्तरीची आई स्वतःलाच पोपटी करून नवऱ्याच्या धुक्यात उभी राहत होती. तिच्याजवळ जाऊन बसावं, तिच्या मांडीवर डोकं ठेवावं, असं त्याला फार वाटलं. पण त्याने फक्त दोन काड्या मेथीच्या निवडल्या, चुकीच्या निवडल्या, आणि तिने त्या काढून टाकल्या. तू सांग ना त्यांना, असं म्हणायला तो आला होता. आता ते म्हणता येईना. तिने तिचा उपाय केला होता आणि तो उपाय कुणाचा अपमान करत नव्हता. त्याच्या उपायाने मात्र अडीच वर्षांतल्या नवऱ्या बिघडवल्या होत्या आणि बाकावर कडूबा बसला होता.

परत येऊन त्याने फोटो नव्याने केला. अख्ख्या बोंडाला त्याने हातही लावला नाही, ते जसं हिरवंगार होतं तसं, लबाड, टकाटक राहू दिलं. कडूबाच्या तळहाताला उठाव जेमतेम दहाचा. आणि फोडलेल्या बोंडाच्या आत, तेवढ्याच जागेत, जिथे रुई पिवळी पडून चिकटली होती आणि तिच्या घडीत ती गुलाबी, भाताच्या शिताएवढी अळी होती, तिथे त्याने पट्टी हळूहळू चढवली, पंचेचाळीसपर्यंत, आणि रुईपासून अळी अलगद सुटी झाली. झोतात चकती धरल्यासारखंच होतं ते. एकच बोंड खरं सांगत होतं आणि दुसरं तोंड मिटून खोटं बोलत होतं, आणि दोन्ही एका हातावर. कडूबाला त्याने ते पडद्यावर दाखवलं. कडूबाने वाकून दोन्ही बोंडं पाहिली. मग म्हणाला, "हे हाये."

साडेतीनला अब्बा आले. दुपारची नमाज, मग मशिदीच्या ओट्यावरच्या गप्पा, मग दुकान, हा क्रम वर्षानुवर्षांचा. कडूबाशी रामराम झाला, घाटाखालच्या थंडीची चौकशी झाली. अब्बा खुर्चीत बसले आणि त्यांनी सवयीने हात पुढे केला. आसिमने हातात फोटो दिला. अब्बांनी तो दारातल्या उजेडाकडे धरला, जवळ आणला, लांब नेला, किंचित तिरपा केला. आसिमला ते तिरपं करणं आज पहिल्यांदा दिसलं. इतके दिवस त्याला तो उस्तादाचा थाट वाटत आला होता.

"फिका आहे," अब्बा म्हणाले. "अजून दे."

उर्दूत हे वाक्य कसं सुरू झालं असतं, आसिमला माहीत नव्हतं. उर्दूत ते कधी सुरूच झालं नसतं. "अब्बा," तो म्हणाला, "फोटो फिका नाही."

"मंग मी काय खोटं बोलून राह्यलो?"

"नाही. तुम्हीच सांगता ना, का एक फोटो फिका आला तं फोटो पाहा, अन् सगळेच फिके येऊन राह्यले तं लेन्स पाहा. लेन्स पाहा लागन."

"कॅमेऱ्याची? ते तं मागच्या महिन्यात साफ केली न तू."

"कॅमेऱ्याची नाही अब्बा. तुमची."

रस्त्यावरून एक एस्टी गेली. कडूबा स्वतःच्या चपलांकडे बघत होता. अब्बांनी फोटो मांडीवर ठेवला, पुन्हा उचलला, आणि आसिमकडे नाही, कडूबाकडे वळले. "कडूबा, इकडे ये. याच्यात अळी दिसते का तुले?"

"दिसते न गनीभाऊ."

"कुठं?"

कडूबाने अब्बांचं बोट धरलं आणि फोटोवर नेऊन ठेवलं. "हे इथं. रुईच्या घडीत."

"अन् दुसरं बोंड? बाहेरून कसं हाये?"

"बाहेरून एकदम टकाटक."

"तुह्यंच हाये?"

"माह्यंच हाये."

"मंग घेऊन जाय," अब्बा म्हणाले. "इथं काय बसून राह्यला? पाच वाजतीन." कडूबाने फोटो पाकिटात घातला, दाराशी थांबला आणि अब्बांच्या गुडघ्याला हात लावून गेला. या दुकानातून दुसऱ्याच्या डोळ्यांच्या भरवशावर बाहेर गेलेला तो पहिला फोटो.

आसिम काउंटरमागे उभा होता. आता अब्बा उठून घरात जातील आणि दोन दिवस बोलणार नाहीत, असं त्याने मनाशी धरलं होतं. अब्बा उठले नाहीत. "मले माहीत होतं," ते म्हणाले, अजून वऱ्हाडीतच, जणू हेही धंद्याचंच बोलणं. "दिसत नव्हतं ते माहीत होतं बे. पण ठीक कसं म्हणू? न दिसलेल्या फोटोले ठीक म्हणलं तं ते खोटं झालं असतं. मले फिका दिसे, मी फिका म्हणे. तेवढं तं खरं होतं का नाही?"

आसिमला हसू आलं आणि त्या हसण्यातच त्याचा आवाज फुटला. "अन् मी समजून राह्यलो का मलेच काही येत नाही. अडीच वर्षं, अब्बा."

अब्बांनी मान वर केली. हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं, ते चेहऱ्यावर स्वच्छ दिसलं. "तुले?" ते म्हणाले. "तुले येत नाही असं वाटलं?" आणि पुन्हा, अगदी हळू, "तुले?" ते खुर्चीतून उठले, काउंटरला हात लावत लावत आत आले आणि आसिमच्या दंडाला धरून उभे राहिले. "दयारामले असा हात नव्हता. मले नव्हता. मी बोललो नाही कधी, ते चुकलं माह्यं." त्यांच्या बोटांना पहिल्यासारखाच कंप होता आणि पकड मात्र घट्ट होती. मग त्यांना काहीतरी सुचलं असावं. "कॅमेरा दे," ते म्हणाले. "अन् तिथं बस, खिडकीपाशी."

कापऱ्या हातांनी, कोपर काउंटरवर टेकवून, अब्बांनी मुलाचा एक फोटो काढला. कॅमेऱ्याने फोकस आपला आपण धरला. मग दोघं आतल्या खोलीत गेले, आणि आसिमने फोटो पडद्यावर घेतल्यावर अब्बा म्हणाले, "चढव पट्टी." पन्नास. "चढव." ऐंशी. "पुरी चढव बे, मोहल्ला जळू दे." शंभर. पडद्यावर एक भयंकर माणूस उभा राहिला, गालांची भोकं, कपाळावरच्या नांगरटी, दाढीचा एकेक केस तारेसारखा, डोक्याभोवती पांढरी किनार. धंद्यात असा फोटो कोणी दाखवला तर त्याला दुकानात उभं करू नये. अब्बांनी चष्मा काढला, नाक पडद्याला टेकेल इतके जवळ गेले, आणि कानापासून हनुवटीपर्यंत, तिथून दुसऱ्या कानापर्यंत, सावकाश पाहत राहिले.

"एवढी दाढी पिकली तुह्यी," ते शेवटी म्हणाले, "अन् मले सांगतलं नाही काऊन?"

सकाळपासून हाच प्रश्न आसिमच्या जिभेवर होता, अब्बांसाठी ठेवलेला. आता तो विचारायला जागाच उरली नाही. "सोमवारी डोये दाखवाले जाऊ," तो म्हणाला.

"जाऊ," अब्बा म्हणाले. "आता पट्टी उतरव. पुरी. मुळात जसा हाये तसा कर."

आसिमने पट्टी शून्यावर आणली. पडद्यावर खिडकीच्या उजेडात बसलेला एक साधा चाळिशीचा माणूस राहिला, थोडा थकलेला, डोळे ओले. अब्बा मागे सरून खुर्चीला टेकले. इतक्या अंतरावरून त्यांना तिथे नुसतं धुकं दिसत असणार, हे दोघांनाही माहीत होतं. तरी त्यांनी थोडा वेळ त्या धुक्याकडे पाहिलं.

"ठीक आहे," ते म्हणाले.